घरशाळा: तुमचे प्रश्न आणि आमच्या घरातली उत्तरं

मागच्या अंकात मी आमच्या घरशाळेबद्दल लिहिलं होतं, म्हणजे थोरली दुसरीत असताना 2019 मध्ये आम्ही तिची शाळा कशी सोडली, आणि धाकटा तर शाळेत गेलेलाच नाही, तेव्हापासून आम्ही पुण्यात सिंहगड रोडच्या दोन बेडरूमच्या घरात सासूबाई धरून पाच जण हे कसं निभावतोय वगैरे. त्यावर इतकी पत्रं आली की सगळ्यांना वेगळं लिहिणं शक्य नाही, म्हणून सहा निवडलीत. आता थोरली तेरा वर्षांची आहे, धाकटा नऊ. मी शिक्षणतज्ज्ञ वगैरे नाही, बीकॉम झालेली आई आहे, त्यामुळे जे आमच्या घरात घडलं तेच सांगतेय.

नमस्कार ताई, मुलगी सात वर्षांची आहे, जूनपासून घरीच शिकवायचं ठरवलंय. पण तुमचा दिवस नेमका जातो कसा? घरकाम कधी करता? आणि सासूबाई म्हणतात पोरगी एकलकोंडी होईल, त्यांना काय सांगू? – एक आई, नाशिक

ताई, आधी माझी चूक सांगते म्हणजे तुमची टळेल. पहिल्या वर्षी मी हॉलच्या भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं होतं, नऊ ते दोन, चाळीस मिनिटांचा एकेक तास, मराठी गणित परिसर इंग्रजी, मधे डबा खायची सुट्टीसुद्धा. तीन आठवड्यांत थोरली रडायला लागली, धाकटा तेव्हा तीन वर्षांचा, तो माझ्या पदराला लोंबकळत असायचा, आणि कुकरची शिट्टी झाली की माझा तास मोडायचा मग मी चिडायचे. शेवटी एका दुपारी तिनेच ते वेळापत्रक काढून घडी करून कपाटात ठेवलं, फाडलं पण नाही बिचारीने. त्या दिवशी मला कळलं की मी शाळा उचलून घरात आणली होती आणि आमच्या घरात ती मावत नव्हती.

शाळेत पाच तास का लागतात याचा विचार करा. कायद्याप्रमाणेच पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक धरलाय, प्रत्यक्षात बऱ्याच वर्गांत त्याहून जास्त मुलं असतात, त्या बाईंना सगळ्यांना सोबत घेऊन जायचं असतं. तुमच्यासमोर एकच मूल आहे. आमच्याकडे बसून करायचा अभ्यास सकाळी दहा ते बारा, बास, आणि धाकट्याचा तर तासभरच. बाकी दिवस म्हणजे घरातलं जगणं. आमचे हे चाकणला कंपनीत आहेत, फर्स्ट शिफ्ट असली की पहाटे पाचला निघतात, मुलं साडेसातला उठतात, सासूबाईंची पूजा असते त्यात फुलं आणणं धाकट्याकडे, दूध तापवणं थोरलीकडे. नाश्ता झाला की भांडी ती घासते आणि तो पुसून लावतो, मी कपडे आणि केर. स्वयंपाक अभ्यासाच्या आधीच अर्धा उरकायचा, कणीक भिजवलेली, भाजी चिरलेली, म्हणजे दहा ते बारा मी ओट्याकडे बघत पण नाही. घर चकाचक नसतं हो. पाहुणे आले की मला पूर्वी लाज वाटायची, आता सोफ्यावरची पुस्तकं बाजूला सारून बसा म्हणते.

आणि एक गोष्ट जून यायच्या आधी नवऱ्याशी बोलून घ्या. या सगळ्यात आईला दिवसभरात स्वतःचा एक तासही मिळत नाही. मी दोन वर्षं तशीच ओढली आणि आजारी पडले. तेव्हापासून बुधवारची दुपार माझी, सासूबाई मुलांना बघतात, मी बाहेर पडते, आणि रविवारी मुलांचा आणि स्वयंपाकघराचा ताबा यांच्याकडे. ‘मदत करतो’ असं नाही, तो दिवस त्यांचाच. हे आधी ठरलं नाही तर नंतर भांडूनच मिळवावं लागतं.

सासूबाईंच्या काळजीत तथ्य आहे, ती उडवून लावू नका. थोरली दहा वर्षांची असताना रोज दुपारी गॅलरीत उभी राहून खालची शाळेची रिक्षा यायची वाट बघायची, कारण सोसायटीतल्या मैत्रिणी त्यातून उतरायच्या, आणि मग त्यांना क्लास असायचा, त्या वर हात करून निघून जायच्या. मला ते बघवेना. घरशाळेतल्या मुलांना मित्र आपोआप मिळतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, ती सोय आपल्यालाच करावी लागते. आम्ही तिला खो-खोला घातलं, आठवड्यातले पाच दिवस संध्याकाळी मैदान, तिथे सगळ्या शाळांच्या मुली येतात. पावसाळ्यात चिखलात पळून येते, दोन्ही गुडघे सोललेले असतात, आणि घरी आल्यावर अर्धा तास नुसतं कोण कशी आउट झाली ते सांगत असते. सासूबाईंना नुसतं सांगत बसू नका, एकदा मैदानावर घेऊन जा.

ताई, मी सोलापूरला असतो. मुलगा पाचवी झालाय, पुढे घरी शिकवायचा विचार आहे. हे कायदेशीर आहे का? दहावीचं काय? दाखल्यावाचून उद्या अडणार तर नाही ना? – एक बाबा

दादा, तुम्ही कागदाचं आधी विचारलंत हे बरं केलंत, बरेच जण हे शेवटी विचारतात. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. त्यात कलम 10 मध्ये मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण नाही घातलं तर पालकाला दंड किंवा शिक्षा असं त्या कायद्यात कुठे नाही. घरी शिकवण्याची परवानगी कशी काढायची याची पद्धतही त्यात दिलेली नाही. म्हणजे आपण थोडे मधल्या जागेत उभे आहोत, आणि हे माहीत असूनच निर्णय घ्यायचा. शाळाबाह्य मुलांचा सर्व्हे करायला शिक्षक दारावर येतात, आमच्याकडेही आले होते. त्यांना पाणी दिलं, मुलांच्या वह्या दाखवल्या, थोरलीने तिची झाडांची वही दाखवली, बाईंनी नाव लिहून घेतलं, छान बोलल्या. त्यांच्याशी वाद घालू नका, जी मुलं कामावर जातात आणि शाळेत येत नाहीत त्यांच्यासाठी त्या उन्हातान्हात फिरत असतात.

परत शाळेत घालावंसं वाटलं तर रस्ता आहे. कधीच शाळेत न गेलेल्या किंवा शिक्षण अर्धवट राहिलेल्या मुलाला वयानुसार वर्गात घ्यायचं आणि मागे पडलेलं भरून काढायला वेगळं शिकवायचं, हे त्याच कायद्याच्या कलम 4 मध्ये आहे.

दहावीसाठी जास्त करून एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय. 1989 मध्ये सुरू झालेलं केंद्र सरकारचं बोर्ड आहे. वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात, पाच विषय, त्यात निदान एक भाषा, पासिंग 33 टक्के, आणि मराठी माध्यमातूनही देता येते. परीक्षा वर्षातून दोनदा, साधारण एप्रिल आणि ऑक्टोबरला. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे नाव नोंदवल्यापासून पाच वर्षांत विषय सुटे सुटे देता येतात, या वेळी दोन, पुढच्या वेळी तीन. थोरली पुढच्या वर्षी मराठी आणि गृहविज्ञानापासून सुरुवात करणार आहे. आपल्या राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे, तिथे पाचवी, आठवी, दहावी, बारावी अशा पायऱ्या आहेत. शिवाय आपल्या नेहमीच्या बोर्डाचा 17 नंबरचा फॉर्म तर तुम्ही ऐकलाच असेल, तो भरून बाहेरून दहावीला बसता येतं. पुढे बारावी मुक्त विद्यालयातून झालेली मुलं जेईईला बसतात, आणि नीटलाही बसता येतं हे 2024 मध्ये सुप्रीम कोर्टात पक्कं झालंय.

आता दाखला. पाचवीचा शाळा सोडल्याचा दाखला रीतसर मागून घ्या, त्यावरचं नाव, आडनाव, जन्मतारीख, जात सगळं तिथेच उभं राहून वाचा, अक्षराची चूक असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या आणि मूळ कागद जपून ठेवा. 17 नंबरला तो लागतो. आणि आरक्षणात येत असाल तर जातीचा दाखला आणि पडताळणी मुलगा लहान आहे तोवरच मार्गी लावा, कारण तिथे शाळेच्या जुन्या नोंदींना फार किंमत असते, मुलाची, वडिलांची, आजोबांची. माझा धाकटा शाळेतच गेला नाही त्यामुळे त्याच्या नावाची एकही नोंद नाही, आम्हाला यांच्या वडिलांच्या गावच्या शाळेतून उतारा काढायला तीन चकरा माराव्या लागल्या. तुमच्याकडे पाचवीपर्यंतची नोंद आहे, ती सांभाळा.

ताई, चार महिने झाले घरी शिकवतेय. मुलगा आठ वर्षांचा. रोज गणिताला बसलो की भांडण, मी ओरडते, तो पेन्सिल फेकतो, काल मी त्याला मारलं. रात्रभर झोप नाही. वाचायलाही नीट येत नाही. माझं चुकतंय का? – नाव देऊ नये, इचलकरंजी

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मारलं हे चुकलं, ते तुम्हालाही माहीत आहे म्हणून तर झोप लागली नाही. त्याला जवळ घेऊन ‘काल माझं चुकलं, मी मारायला नको होतं’ असं सरळ सांगा, पुढे ‘पण तू पण ना’ असं जोडू नका. एवढं आधी करा, अगदी आजच.

आणि मग गणिताचं पुस्तक महिनाभर बंद करा. घाबरू नका, वर्ष वाया जात नाही. आत्ता त्याच्या डोक्यात गणित म्हणजे आईचा चढलेला आवाज असं पक्कं बसत चाललंय, ते आधी सुटायला पाहिजे. शाळेत बाई ओरडल्या तर मूल घरी येऊन आईच्या कुशीत शिरतं, घरशाळेत बाई पण आईच आणि कुशी पण आईचीच, मग त्याने जायचं कुठे? मला स्वतःला हे कळायला फार वेळ लागला, म्हणून तुम्हाला इतकं कळवळून लिहितेय.

महिनाभर करायचं काय, तर त्याला बाजारात घेऊन जा. पैसे त्याच्या हातात द्या. आमचा धाकटा सात वर्षांचा असताना भेंडी ऐंशी रुपये किलो होती, मला हवी होती पाव किलो. भाजीवाल्या मावशी सांगणार इतक्यात मी त्यांना खूण केली थांबा म्हणून. त्याने बोटांवर मोजलं नाही की काही नाही, नुसता तराजूकडे बघत राहिला, मागे गिऱ्हाईक थांबलेलं, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि मग म्हणाला, किलोचे ऐंशी, अर्ध्याचे चाळीस, त्याच्या अर्ध्याचे वीस. मावशींनी चार भेंड्या वरून टाकल्या. तोच मुलगा घरी वहीत ‘ऐंशी भागिले चार’ लिहून दिलं की पेन्सिल चावत बसायचा. पुढे दोन-तीन महिन्यांनी मी वहीत भागाकार मांडला तेव्हा त्यालाच वाटलं, अरे हे तर भेंडीचं आहे.

घरातलं माप त्याच्याकडे सोपवा. इडलीला तीन वाट्या तांदूळ तर एक वाटी उडीद, आज पाहुणे आहेत म्हणून सहा वाट्या तांदूळ, मग डाळ किती? गॅस सिलिंडर कोणत्या तारखेला लावला आणि किती दिवस गेला ते कॅलेंडरवर त्याला लिहू द्या. चुकला तर चुकू द्या, एकदा आमच्याकडे डाळ दुप्पट पडली, इडल्या चपट्या झाल्या, सगळ्यांनी खाल्ल्या. त्याने पुन्हा ते माप कधी चुकवलं नाही.

वाचनाचं सांगते. धाकट्याला साडेआठ वर्षांपर्यंत वाचता येत नव्हतं. अक्षरं यायची, जोडता यायची नाहीत, जोडाक्षर आलं की पुस्तक मिटायचा. नातेवाईक लग्नाकार्यात त्याला पाटी वाचायला लावायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी रात्री रडायचे. त्याला रोज वाचून मात्र दाखवत होते, अर्धा तास, कधी सासूबाई वाचायच्या, ते आम्ही एक दिवसही चुकवलं नाही. याच काळात त्याची नजर आणि कान दोन्ही तपासून घेतले, ते तुम्हीही घ्या, आणि वर्षभराने अक्षरं उलटसुलट होणं तसंच राहिलं तर डिस्लेक्सियाची तपासणीही करून घ्या, त्यात कमीपणा काही नाही, ते लवकर कळलं तर मुलाचे हाल वाचतात. तर एकदा साताऱ्याला माझ्या माहेरी जायला स्वारगेटला उभे होतो, मी बॅगा सांभाळतेय, आणि हा समोरच्या एसटीची पाटी बघून म्हणाला, ‘वि-ना-वा-ह-क. आई, वाहक म्हणजे कंडक्टर ना? मग तिकीट कोण देणार?’ मी बॅग खाली ठेवली आणि तिथेच त्याचा मुका घेतला. त्या दिवशी बसमध्ये साताऱ्यापर्यंत तो खिडकीतून हॉटेलांच्या, पंपांच्या, गावांच्या पाट्या वाचत होता, ‘खंडाळा’ वाचताना अडला, ‘शिरवळ’ एका दमात वाचलं. तो कुठल्या दिवशी वाचेल हे माझ्या हातात नव्हतं, रोजचा अर्धा तास हातात होता.

महिन्याने मला परत लिहा. आणि भांडण तेवढंच राहिलं असेल तर निदान गणित दुसऱ्या कुणाला तरी शिकवू द्या, बाबा, मामा, शेजारचा कॉलेजचा मुलगा, कुणीही. आईनेच सगळं शिकवलं पाहिजे असा काही नियम नाहीये.

आम्ही म्युनिकला असतो. इथे घरशाळा करता येईल का? – एक मराठी आई

नाही ताई, जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं आहे आणि घरी शिकवायला अगदी मोजके अपवाद सोडले तर परवानगी नाही, तिथे आमच्यासारखी मधली जागा नाही, पालकांना दंड होतो. तो विचार सोडा. पण मराठी तर तुम्ही घरीच शिकवणार आहात ना, ती तुमची घरशाळा. रोज झोपताना एक गोष्ट मराठीतून, आणि आजीशी व्हिडिओ कॉल असेल तर आजीने फक्त ‘जेवलास का’ विचारून सोडू नये, काय जेवलास, कुणी केलं, कसं केलं, असं बोलतं करावं.

मुलगी दहा वर्षांची. वर्गातल्या मुली तिला वेगळं पाडतात, रोज सकाळी पोटात दुखतं म्हणते. तिला घरी ठेवायचा विचार आहे. आम्ही दोघंही नोकरी करतो, आठ ते सात घरी कुणी नसतं. ऑनलाइन क्लास लावले तर ती एकटी करेल ना? – एक आई, चिंचवड

ताई, तुम्हाला माझ्याकडून हो ऐकायचं असेल तरी मी नाही म्हणतेय. दहा वर्षांच्या मुलीने अकरा तास एकटीने बंद घरात स्क्रीनसमोर बसायचं याला मी घरशाळा म्हणणार नाही. शाळेत तिला वेगळं पाडतात म्हणून पोटात दुखतं, आणि घरी तर ती अजूनच एकटी पडेल. घरशाळेला घरात एक मोठं माणूस लागतं, आई असो, बाबा, आजी, मावशी, कुणीही, पण जागं आणि मुलासोबत असलेलं. ते नसेल तर हा रस्ता तुमचा नाही, आणि त्यात तुम्ही कमी पडलात असंही नाही.

पण ‘जाऊ दे, होतं असं’ म्हणून तिला तसंच शाळेतही पाठवत राहू नका. एक दिवस रजा काढा, वर्गशिक्षिकेला भेटा, काय होतंय ते तारखेवार लिहून न्या, तुकडी बदलून मागा, नाही ऐकलं तर मुख्याध्यापकांना लेखी द्या. तरी नाही सुधारलं तर शाळा बदला, मधल्या वर्षातसुद्धा बदलता येते. आणि पोटदुखी डॉक्टरांनाही दाखवा, मुलं कधीकधी खरंच दुखत असताना आपण ते मनाचं धरतो. मुख्य म्हणजे तिला आज रात्रीच सांगा की आम्हाला कळलंय आणि आम्ही यात पडतोय.

माझा नातू ठाण्याला घरीच शिकतो. नऊ वर्षांचा झाला, पाढे पाठ नाहीत. सून म्हणते घोकंपट्टी नको. मी बोलले की वाईटपणा येतो. मला तळमळ वाटते, काय करू? – एक आजी, डोंबिवली

आजी, तुमचं पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या हे माझंच पत्र आहे.

सुनेचं म्हणणं मला समजतं, आमच्या पिढीला पाढे चुकले म्हणून पट्टी खावी लागलीय, ते तिला मुलाच्या वाट्याला नको असेल. पण पाढे पाठ असणं वाईट नाही, मारून पाठ करून घेणं वाईट. माझंही पहिली दोन वर्षं असंच चुकलं, मी पाढे बाजूलाच ठेवले होते, आणि मग मोठे गुणाकार आले तेव्हा थोरली प्रत्येक वेळी बोटांवर मोजत बसायची आणि दमायची. तेव्हा सासूबाईंनी हातात घेतलं. संध्याकाळी दिवा लावला की शुभंकरोती, आणि त्यालाच जोडून एक पाढा, तिघांनी मोठ्याने, चुकला तरी पुढे जायचं. दोनाचा झाला की तीनाचा, घाई नाही. आठ-नऊ महिन्यांत वीसपर्यंत झाले, कुणी रडलं नाही.

तुम्ही नातवाला पाढे ‘शिकवायला’ जाऊ नका, तुमच्याकडे त्याहून भारी काहीतरी आहे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांचे पाढे, तुमच्यापैकी कितीतरी जणींना अजून पाठ असतात, आम्हाला कुणी शिकवलेच नाहीत. धाकट्याची पणजी साताऱ्याला आहे, तिने त्याला पाव, अर्धा, पाऊण, एक, सव्वा, दीड, पावणेदोन, दोन असं चालीवर म्हणायला लावलं, तांदूळ निवडता निवडता. त्याला ते गाणंच वाटलं. वर मी भेंडीची गोष्ट सांगितली ना, ऐंशीचा पाव काढायचा म्हणजे आधी अर्धा आणि मग त्याचा अर्धा, ते त्याला तिथून आलं, मी शिकवलेलं नव्हतं.

तर आता ठाण्याला जाल तेव्हा सुनेशी पाढ्यांचा विषय काढू नका. तिला सांगा, मला दिडकी येते, विसरायच्या आत कुणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या गं, नातवालाच बसव माझ्यासमोर. तो फोन धरून बसेल, मधेच तुम्ही अडकाल, ‘सात दिडके किती रे’ म्हणून त्याला विचारा, तो हिशोब करून सांगेल साडेदहा. आणि ते रेकॉर्डिंग आमच्याकडेही पाठवा, सासूबाईंना पावकी-निमकीच्या पुढचं आठवत नाहीये, त्या वाट बघतायत.